गाडी, वारा आणि ॲव्हरेज

आमच्या शेजारी एक काका राहत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, स्वभावाने शिस्तीचे. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक छोटी डायरी असे. पेट्रोल भरले की त्या दिवशीची तारीख, लिटर आणि मीटरवरचा आकडा तिच्यात उतरवायचा, असा त्यांचा नेम होता. महिनाअखेरीस भागाकार करून ते सांगत, "या महिन्यात ॲव्हरेज दोनाने उतरलं. कार्बोरेटर पाहावा लागेल." नागपुरात कुणी नवी दुचाकी घेतली की रंग आणि किंमत विचारण्याआधी लोक आजही हाच प्रश्न विचारतात, "किती ॲव्हरेज देते?"

मागे एका शाळेत विज्ञान दिनानिमित्त बोलायला गेलो होतो. विषय होता हवेचा रोध. पक्षी, मासे, विमाने यांचे आकार दाखवून झाल्यावर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आपल्याकडे सगळ्यांना ॲव्हरेज हवं असतं, मग मोटारसायकल माशासारखी का नाही करत?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. घरी येताना मात्र वाटले की प्रश्न फार चांगला होता आणि माझे उत्तर अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे.

वारा किती अडवतो?

सपाट रस्त्यावर एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. एक, टायर सतत दबल्याने व पुन्हा फुगल्याने होणारा रोध. हा गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाबरोबर फारसा बदलत नाही. दुसरा, हवेचा रोध म्हणजे वायुरोध. हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की वायुरोध चौपट होतो.

थोडे आकडे मांडू. गाडी व चालक मिळून १८० किलोग्रॅम वजन धरू. टायरचा रोध सुमारे ३० न्यूटन येतो. ताठ बसलेल्या चालकासह मोटारसायकलचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि तिच्या आकाराचा गुणांक यांचा गुणाकार ०.६ चौरस मीटर धरू आणि हवेची घनता १.१ किलोग्रॅम प्रति घनमीटर. मग वायुरोध ताशी २२ किलोमीटर वेगाला १२ न्यूटन, ४० ला ४१, ६० ला ९२ आणि ८० ला १६३ न्यूटन येतो. म्हणजे गल्लीत गाडी टायरशी झगडते आणि हमरस्त्यावर वाऱ्याशी. ताशी ८० किलोमीटरला इंजिनाच्या कष्टांपैकी पाच षष्ठांशाहून अधिक कष्ट हवा बाजूला सारण्यात जातात.

जाता जाता नागपूरकरांसाठी एक गंमत. तापलेली हवा विरळ होते. १५ अंशांच्या हिवाळी सकाळीपेक्षा ४५ अंशांच्या मे महिन्यातल्या दुपारी हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते. तेवढाच वायुरोधही कमी!

पण हवा अडवते म्हणजे नेमके काय करते? पुष्कळांना वाटते की गाडीचे नाक टोकदार केले की काम झाले. खरी मेख मागच्या बाजूला असते. एक पेटती मेणबत्ती घ्या. तिच्यापुढे गोल बाटली धरून या बाजूने जोरात फुंका, ज्योत विझते. बाटलीच्या कडेने गेलेली हवा मागे पुन्हा जुळून येते. आता बाटलीच्या जागी तेवढ्याच रुंदीचा सपाट पुठ्ठा धरा आणि फुंका. ज्योत विझण्याऐवजी उलट पुठ्ठ्याकडे, म्हणजे तुमच्याकडेच, झुकते. पुठ्ठ्यामागे हवा भोवरे घेत उलट फिरते व तिथला दाब कमी होतो. हा कमी दाब पुठ्ठ्याला मागे खेचतो. ताठ बसलेल्या दुचाकीस्वाराची पाठ हवेच्या दृष्टीने असाच एक पुठ्ठा असते. म्हणून माशाचे डोके गोल आणि शेपटीकडचा भाग निमुळता असतो. अशा आकाराला प्रवाहरेखित आकार म्हणतात.

शर्यतीच्या मैदानावरून

दुचाकीला असा आकार देण्याचे प्रयत्न नवे नाहीत. त्यातला एक तर आपल्या ओळखीच्या घराण्यातला आहे. व्हेस्पा स्कूटरचा आराखडा १९४६ साली इटलीत पियाज्जिओ कंपनीसाठी कोर्रादिनो दास्कानिओ यांनी केला. ते मूळचे विमान व हेलिकॉप्टरचे अभियंते. रोजच्या व्हेस्पाचा आकार काही वाऱ्याचा विचार करून घडवलेला नव्हता. कपडे मळू नयेत, चढायला-उतरायला सोपे जावे, हा त्यामागचा हेतू होता. पण १९५१ साली त्याच कंपनीने पाणतीराच्या आकाराचे आवरण घातलेली एक विक्रमी व्हेस्पा तयार केली आणि अवघ्या १२५ सीसीच्या इंजिनावर ताशी १७१ किलोमीटर वेग गाठला.

जर्मनीत एनएसयू कंपनीने हाच मार्ग धरला. गुस्ताव बाउम यांनी चालकाला जवळजवळ पाठीवर झोपवून, पाय पुढे करून बसवणारी एक ठेंगणी, बंदिस्त गाडी तयार केली. चालक आडवा झाल्याने समोरचे क्षेत्रफळच निम्म्याखाली आले. लहानशा इंजिनावर तिने मोठमोठे वेग गाठले. १९५५ साली अशाच एका गाडीची चाचणी घेताना बाउम यांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर विल्हेल्म हेर्ट्झ यांनी एनएसयूच्या ५०० सीसीच्या प्रवाहरेखित गाडीवर ताशी ३३९ किलोमीटरचा विक्रम केला.

शर्यतीच्या गाड्यांनाही त्या काळात पुढचे चाक पूर्ण झाकणारे मोठे आवरण बसवीत. आकारामुळे लोक त्याला 'कचऱ्याचा डबा' म्हणत. इटलीतल्या मोटो गुझी कंपनीने तर मोटारसायकली तपासण्यासाठी स्वतःचा वातबोगदा उभारला होता. पण या आवरणात एक मोठी खोट होती. बाजूने वाऱ्याचा झोत आला की त्या शिडासारख्या पृष्ठभागावर जोर बसे आणि गाडी कलंडू पाही. मोटार चार चाकांवर उभी असते, दुचाकी तोलावर उभी असते. अखेर आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने १९५८ च्या हंगामापासून शर्यतीत असे आवरण वापरण्यास बंदी घातली. सायकलच्या बाबतीत असेच काहीसे १९३४ साली घडले होते. पाठीवर रेलून चालवायच्या सायकलीवर १९३३ मध्ये फ्रान्सिस फोर यांनी तासाचा विक्रम मोडला आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा सायकली शर्यतीतून बाद केल्या.

या निर्णयांमागची कारणे समजण्यासारखी आहेत. परिणाम मात्र दूरवर गेला. शर्यतीत जे वापरले जाते ते पुढे दुकानातल्या गाडीत उतरते. शर्यतीतच वाट बंद झाल्याने पूर्ण आवरणाच्या दुचाकीवरचे काम मोठ्या कंपन्यांमध्ये थंडावले.

वेगाऐवजी काटकसर

१९७३ च्या ऑक्टोबरात तेलसंकट आले. काही महिन्यांत जगाच्या बाजारात खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. आता वेगाऐवजी पेट्रोल वाचवण्यासाठी आकाराचा विचार सुरू झाला. अमेरिकेतले आरेखक क्रेग व्हेटर यांनी मोटारसायकलची आवरणे विकून नाव कमावले होते. त्यांनी १९८० ते १९८५ या काळात इंधन काटकसरीच्या स्पर्धा भरवल्या. संथ रांगत जाऊन आकडा फुगवायचा नाही, रस्त्यावरच्या वाहतुकीचा वेग राखायचा, ही त्यामागची दृष्टी. स्पर्धकांनी घरच्या घरी फायबरग्लास, फोम आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची लांब शेपटीची आवरणे तयार केली. शेवटच्या वर्षी, १९८५ मध्ये, विजेत्या गाडीने गॅलनला ४७० मैल अंतर काटले. आपल्या हिशोबाने लिटरला जवळजवळ २०० किलोमीटर!

या स्पर्धांतून शिक्षकांनी उचलावी अशी एक गोष्ट आहे. नुसते आवरण घातले तर अपेक्षेपेक्षा कमीच पेट्रोल वाचते. पेट्रोलचे इंजिन अर्धवट उघडलेल्या थ्रॉटलवर, हलक्या कामावर चालते तेव्हा त्याची कार्यक्षमता घसरते. वाऱ्याचे ओझे निम्मे केले, पण इंजिन आणि गिअर तेच ठेवले, तर वाचलेल्यातला काही भाग इंजिनच वाया घालवते. म्हणून आवरणाबरोबर इंजिन लहान करावे लागते किंवा स्प्रॉकेट बदलून तेच इंजिन कमी फेऱ्यांवर चालवावे लागते. एकच भाग सुधारून यंत्र सुधारत नाही.

आपली वाट: वर्धा, पुणे आणि लुना

आता घराकडे वळू. नागपूरपासून ७५ किलोमीटरवरच्या वर्ध्याच्या बजाज घराण्याने १९४५ साली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी काढली. जमनालाल बजाज यांना दत्तक घेणाऱ्या घरातल्या आजोबांचे हे नाव. हीच पुढची बजाज ऑटो. पियाज्जिओच्या परवान्यावर पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा तयार होऊ लागली. परवान्याची मुदत १९७१ मध्ये संपली आणि १९७२ मध्ये बजाजने 'चेतक' बाजारात आणली. त्याच वर्षी पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 'लुना' आणली.

लुना तेलसंकटाच्या आधी एक वर्ष आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ती संकटावरचा उपाय म्हणून जन्मली नाही. सायकल चालवणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला परवडेल असे वाहन देणे हा तिचा उद्देश होता. ५० सीसीचे इंजिन, सायकलसारखी पॅडल, गिअर नाही, अंगावर पत्रा जवळजवळ नाहीच. वाऱ्याच्या दृष्टीने ती अगदी ओबडधोबड. तरीही तिचे ॲव्हरेज उत्तम होते. कारण ती हलकी होती आणि सावकाश जात होती. वरचे आकडे पुन्हा पाहा. ताशी तीस-पस्तीसने जाणाऱ्या गाडीला वायुरोध फार नसतो आणि वजन कमी म्हणून टायरचा रोधही कमी. शिक्षक, कारकून, दूधवाले, टपाल वाटणारे या सगळ्यांना तिने परवडणारा वेग दिला.

दुसरी उडी इंजिनाची होती. त्या काळच्या बहुतेक स्कूटर-मोटारसायकली टू-स्ट्रोक. या इंजिनात जळलेला वायू बाहेर ढकलण्याचे काम ताजे मिश्रणच करते आणि ते करताना त्यातला काही भाग, कधीकधी पाव हिस्सादेखील, न जळताच धुराड्यावाटे निघून जातो. १९८५ साली हिरो होंडाची १०० सीसी गटातली फोर-स्ट्रोक सीडी १०० आली. झडपांमुळे ही गळती थांबली आणि लिटरला ऐंशी किलोमीटरची भाषा सुरू झाली. पुढच्या दशकात बजाजसह इतर कंपन्यांनीही फोर-स्ट्रोकची वाट धरली. थोडक्यात, भारतीय गाडीने ॲव्हरेज मिळवले ते आधी वजन उतरवून आणि मग इंजिन सुधारून. आकाराला कुणी हात लावला नाही.

मोजपट्टी काय मोजते?

हा निव्वळ आळस होता का? नाही. त्याचे उत्तर पुण्यातच, १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाच्या, म्हणजे 'एआरएआय'च्या कामात सापडते. आपल्या रस्त्यांवर गाड्या प्रत्यक्षात कशा चालतात याचे निरीक्षण करून १९८० च्या दशकाच्या मध्यास 'भारतीय चालनचक्र' ठरवण्यात आले. वेग कधी वाढवायचा, कधी थांबायचे याचा तो १०८ सेकंदांचा आराखडा. तो सहा वेळा गिरवला की ३.९४८ किलोमीटर होतात. त्यात सरासरी वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर आणि सर्वांत जास्त वेग ४२.

या चक्रात प्रवाहरेखित आवरण काय कमाई करेल ते पाहू. आवरणाने वायुरोध निम्मा झाला असे धरू, पण आवरणाचे वजन १५ किलो. ताशी २२ च्या वेगाला पूर्वीचा एकूण रोध ४२ न्यूटन होता. आता वायुरोध ६, आणि वाढलेल्या वजनामुळे टायरचा रोध साडेबत्तीस, मिळून साडेअडतीस न्यूटन. बचत सुमारे आठ टक्के. पण गाडी शून्यापासून ताशी ४२ पर्यंत न्यायला १८० किलोसाठी सुमारे १२,००० जूल ऊर्जा लागते आणि ब्रेक दाबला की ती सगळी उष्णता होऊन जाते. वजन आठ टक्क्यांनी वाढले की प्रत्येक वेळी हा भुर्दंडही आठ टक्क्यांनी वाढतो. सिग्नलमागून सिग्नल घेणाऱ्या गाडीची बचत तिथेच संपते. ताशी ८० वेगाने न थांबता जाणाऱ्या गाडीत मात्र हेच आवरण ४० टक्के श्रम वाचवेल.

२०१० च्या दशकात दुचाकींसाठी जागतिक चालनचक्र आले. त्यात वेग अधिक आहेत. पण त्या पद्धतीतही चाचणीच्या रुळांवर लावायचा रोध गाडीच्या वजनावरून तयार तक्त्यातून घेण्याची मुभा आहे. तसा घेतला तर गाडी माशासारखी असो की खोक्यासारखी, चाचणीतला आकडा एकच येतो. जे मोजले जात नाही त्यासाठी कारखानदार खर्च करत नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. आपल्या परीक्षांचेही तेच आहे.

ऊन, वावटळ आणि डबलसीट

आणखी काही अडचणी आपल्या मातीतल्या आहेत. मे महिन्याच्या नागपुरात कुणी बंदिस्त आवरणात बसेल का? शिवाय आपली बहुतेक इंजिने हवेवरच थंड होतात, त्यांना झाकून चालत नाही. उन्हाळ्यातली वावटळ आणि शेजारून जाणारा ट्रक यांचा बाजूचा झोत १९५७ च्या शर्यतीतल्या झोतापेक्षा कमी धोक्याचा नाही. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे, प्रवाहरेखित गाडीची निमुळती शेपटी जिथे हवी, नेमकी तिथे आपल्याकडे माणूस बसतो. माणूस नसेल तर गॅसचे सिलिंडर किंवा धान्याचे पोते असते.

पण या शेवटच्या अडचणीतच एक चांगली बातमी आहे. मागे बसलेला माणूस चालकाच्या आडोशाला, भोवऱ्यांच्या जागेत बसतो. समोरचे क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेच राहते, वायुरोध थोडाच बदलतो आणि माणशी तो निम्म्यावर येतो. टायरचा रोध वाढतो हे खरे. तरीही एका गाडीवर दोघांनी, दोन्ही हेल्मेट घालून, कामाला जाणे हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त प्रवाहरेखित उपाय आहे.

प्रश्न जुना, उत्तर बदलते आहे

हा सगळा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाकींत जात होते. दुचाकीत वाचलेला थेंब देशाच्या तेलखर्चात दिसतो तो त्यामुळे.

आता परिस्थिती पालटते आहे. 'चेतक' हे नाव २०२० साली विजेवरच्या स्कूटरला मिळाले. २०२४ साली विजेवर चालणारी लुना आली आणि त्याच वर्षी बजाजने पुण्यात सीएनजीवर चालणारी मोटारसायकल सादर केली. विजेच्या मोटारीचा गुण असा की हलक्या कामावर तिची कार्यक्षमता पेट्रोलच्या इंजिनासारखी कोसळत नाही. वायुरोध कमी केला की बचत जवळजवळ पूर्ण पदरात पडते, तेवढी बॅटरी लहान, स्वस्त आणि हलकी करता येते. शिवाय ब्रेक लावताना काही ऊर्जा परत मिळवता येते, म्हणजे वजनाचा भुर्दंडही थोडा कमी होतो. इंजिन थंड ठेवण्यासाठी उघडे ठेवण्याची गरजही उरत नाही. रस्तेही सुधारले, वेग वाढले. (समृद्धी महामार्गावर मात्र दुचाकींना प्रवेश नाही. जिथे वाऱ्याशी सर्वांत मोठी गाठ पडली असती, तिथे त्या जाऊच शकत नाहीत.) पूर्ण बंदिस्त गाडी कदाचित येणारही नाही. पण सीटमागे निमुळती पेटी, थोडी वाकलेली बैठक, चाकांशेजारचे गुळगुळीत पत्रे अशा लहान गोष्टींनीही वायुरोधात फरक पडतो.

तेव्हा त्या मुलीला माझे उत्तर असे. माशासारखी मोटारसायकल करता येते, ती लोकांनी केलीही. आपण केली नाही, कारण आपण सावकाश जात होतो, वारंवार थांबत होतो, मागे कुणाला तरी बसवत होतो आणि आपली मोजपट्टी आकार मोजत नव्हती. यातली पहिली आणि शेवटची गोष्ट आता बदलू शकते.

वर्गासाठी एक प्रयोग

शाळेच्या आवारातला किंवा वाहने नसलेल्या रस्त्यावरचा सौम्य उतार निवडा, ज्याच्या पुढे सपाट मोकळी जागा आहे. एकाच विद्यार्थ्याने हेल्मेट घालून, एकाच सायकलवर, खडूने आखलेल्या एकाच रेषेपासून पॅडल न मारता सुटायचे. पाच वेळा ताठ बसून, पाच वेळा हँडलवर वाकून. सायकल कुठे थांबते ते मोजून सरासरी काढा. मग टायरमधली थोडी हवा कमी करून ताठ बसूनच पुन्हा पाच वेळा करा. कोणत्या बदलाने अंतर जास्त बदलले? उतार अधिक उंचीवरून घेतला, म्हणजे वेग वाढला, तर उत्तर तेच राहते का? वारा पडलेल्या सकाळी प्रयोग करा आणि आकडे वहीत तारखेसह लिहा. आमचे शेजारचे काका तसेच करीत असत.